लिव्हरचं पिस्तूल घेण्याआधी

लिव्हरचं पिस्तूल पहिल्यांदा हातात आलं की जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. दस्ता खांद्याला टेकवायला जातो, आणि खांद्यापर्यंत काही पोचतच नाही. मग ओशाळून हसतो. मीही हसले होते. ओहायोतल्या एका गन शोमध्ये टेबलामागे बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, ही रायफल नाही, पिस्तूल आहे. निदान कागदावर तरी."

ते 'कागदावर तरी' मला तेव्हा विनोद वाटला होता. आता कोणी याबद्दल विचारलं तर मी सुरुवातच तिथून करते.

वस्तू ओळखून घेऊ. विंचेस्टरची १८९२ ची लिव्हर रायफल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चापाभोवतीचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस भरणारी. अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगचं डिझाइन. तिची नळी बारा इंचांवर थांबवायची, मागचा लाकडी दस्ता छाटल्यासारखा बुटका ठेवायचा आणि खालची लिव्हर मोठ्या कड्याची करायची. याला म्हणतात 'मेअर्स लेग', घोडीची तंगडी. नाव आलं टीव्हीवरून. १९५८ ते १९६१ या काळात अमेरिकेत एक वेस्टर्न मालिका चालायची, त्यात अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन असली बंदूक मांडीला बांधून फिरायचा. गंमत म्हणजे त्याच्या पट्ट्यात मोठाली .४५-७० ची (असे आकडे म्हणजे काडतुसाची जात, कॅलिबर) काडतुसं खोचलेली असायची, कारण ती कॅमेऱ्यात भारदस्त दिसायची. बंदूक होती .४४-४० ची. म्हणजे पट्ट्यातलं एकही काडतूस तिच्यात जाणारं नव्हतं. या प्रकाराकडे लोक कशासाठी ओढले जातात ते यावरून कळावं. मीही दिसण्यावरच भुलले, उगाच नाकारत नाही.

आज बाजारात मुख्यतः तीन घरं दिसतात. ब्राझीलच्या रॉसीची 'रँच हँड', अमेरिकेतल्या हेन्रीची 'मेअर्स लेग' आणि इटलीच्या कियाप्पाची १८९२ ची आवृत्ती. हेन्रीची .२२ मध्येही मिळते आणि .३५७, .४४, .४५ मध्येही.

जन्मदाखला

अमेरिकेत १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आहे. रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल, किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर ती नोंदणी लागणाऱ्या वर्गात जाते. नोंदणी नसेल तर गंभीर गुन्हा, दहा वर्षांपर्यंत कैद. रँच हँडची नळी १२ इंच आणि एकूण लांबी २४ इंच. दोन्ही मापांत नापास. तरी ती दुकानात उघड मिळते, कारण कारखान्यातून ती पिस्तूल म्हणूनच बाहेर पडलेली असते. तिला कधी खांद्याचा दस्ता नव्हताच.

हुबेहूब तीच वस्तू कोणी गॅरेजमध्ये रायफल कापून केली असेल तर ती बेकायदा. लोखंड तेच, लाकूड तेच, फरक फक्त जन्माचा. कापण्याआधी एटीएफकडे, म्हणजे बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या संघराज्याच्या खात्याकडे, अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. त्यावर १९३४ पासून २०० डॉलरचा कर होता. १ जानेवारी २०२६ पासून या वर्गासाठी तो शून्य झालाय, पण अर्ज आणि मंजुरी सुटलेली नाही. 'कर गेला म्हणजे आता कापायला हरकत नाही' असं सांगणारा कोणी भेटला तर ऐकू नका.

म्हणून सेकंडहँड वस्तू हातात आली की मी आधी तिची दोन टोकं बघते. नळीचं तोंड कारखान्यात वळवलेलं असेल तर कडा सगळीकडे सारखी उतरलेली असते आणि बाहेरचा काळा मुलामा कडेपर्यंत एकसंध येतो. कानशीने घासलेलं तोंड तिरप्या उजेडात लगेच चुगली करतं. मागच्या बुंध्याचंही तसंच. कारखान्याच्या लाकडाला टोकापर्यंत पॉलिश असतं. करवतीने कापलेल्या टोकावर उघडे रेषे दिसतात, फार तर वरून वॉर्निशचा हात मारलेला असतो. मग रिसीव्हरवरचं (यंत्रणा बसवलेल्या मधल्या लोखंडी चौकटीवरचं) मॉडेलचं नाव, आयात करणाऱ्या कंपनीचा शिक्का, सीरियल नंबर. मूळ खोकं असेल तर त्यावरच्या लेबलाशी नंबर जुळवा.

"आजोबांच्या विंचेस्टरची कापून केलीय, १८९० च्या दशकातली आहे, अँटिक आहे, काही कागद लागत नाही." हे वाक्य मी दोनदा ऐकलंय. १८९८ किंवा त्याआधीची बंदूक साधारणपणे अँटिक धरतात, हे खरं. पण १९३४ च्या या कायद्यापुरती आणखी एक अट आहे. तिचं तयार काडतूस अमेरिकेत आता बनत नसलं पाहिजे आणि सहज मिळत नसलं पाहिजे. .४४-४० आजही दुकानात मिळतं. तेव्हा अशी वस्तू अलगद टेबलावर ठेवायची, "थँक यू" म्हणायचं आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. घरी आणल्यावर पिस्तुलाला खांद्याचा दस्ता जोडायची हौसही करू नका. पुढे उभी मूठ बसवली तरी वर्ग बदलतो.

आता अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. परवानाधारक डीलरकडून हँडगन घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात. ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, मग पार्श्वभूमीची तपासणी होते. हे हँडगन असल्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या डीलरकडून परस्पर घरी आणता येत नाही, त्याने ते तुमच्या राज्यातल्या डीलरकडे पाठवावं लागतं. ग्रीन कार्ड असेल तर संघराज्याच्या कायद्याची आडकाठी नाही. पण एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायलाच मनाई आहे. चालू शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडणं हेसुद्धा 'बाळगणं'च धरतात. हे न कळता मित्रांबरोबर हौसेने रेंजवर जाणारे मी पाहिलेत. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने ही जोखीम का घ्यावी, मला कळत नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स इथले राज्याचे नियम आणखी वेगळे. तुमच्या राज्यापुरतं स्थानिक डीलरला आधी विचारा.

टेबलावर

माझं निम्मं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यातही बरंचसं मापं तपासण्यात. त्यामुळे इथे मी जरा रेंगाळणार.

बरोबर पाच गोष्टी ठेवते. छोटी टॉर्च, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा संच), कागदाचा पांढरा तुकडा आणि त्या-त्या कॅलिबरची पाच-सहा डमी काडतुसं. डमी म्हणजे दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेली. फीलर गेज बघून विक्रेते हसतात. हसू दे.

आधी रिकामी आहे का ते बघा. लिव्हर पूर्ण उघडा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत) नुसतं डोकावू नका, करंगळी घालून चाचपा. मग काडतुसं साठवणाऱ्या मॅगझिनच्या नळीत काही अडकलंय का ते पाहा. विक्रेत्याने आत्ताच तपासून दिली असली तरीही.

आता लिव्हर सावकाश उघडा. १८९२ च्या यंत्रणेत बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभ्या लोखंडी पट्ट्या असतात, बोल्टला कुलूप लावणाऱ्या. लिव्हर हलली की आधी त्या खाली उतरतात. मग बोल्ट मागे सरकतो आणि जाता जाता घोडा मागे दाबून ताणतो. शेवटी काडतूस वर उचलणारा पाळणा वर येतो. हे तिन्ही टप्पे हाताला वेगवेगळे कळले पाहिजेत. नव्या यंत्राला थोडी खरखर असते, ती दोन-तीनशे गोळ्यांनंतर मुरते. पण एका ठरावीक जागी प्रत्येक वेळी 'कट्' करून अडकत असेल तर तिथे धातूचा बारीक काटा राहिलाय किंवा काहीतरी वाकलंय. लिव्हर बंद केल्यावर दोन्ही पट्ट्या सारख्या उंचीवर याव्यात. एक वर आणि एक खाली दिसली तर मी पुढे बघतच नाही. बंद लिव्हरला किंचित खेळ चालतो, पण ती आपोआप लोंबायला नको.

घोड्याची परीक्षा. बंदूक रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून घोडा पूर्ण ताणा, चापाला बोट न लावता अंगठ्याने त्याला मागून पुढे बेताने ढकला. हलता कामा नये. ज्या म्हाताऱ्याबद्दल वर लिहिलं, त्याच्या टेबलावरच्या पिस्तुलाचा घोडा माझ्या अंगठ्याखाली सटकन पडला. त्याचा चेहरा उतरला. आधीच्या मालकाने चाप हलका करायला आतले भाग घासले असणार. त्याने काही न बोलता ते उचलून टेबलाखालच्या पेटीत टाकलं. मला तो माणूस तिथेच आवडला. नंतर माझं पिस्तूल मी त्याच्याचकडून घेतलं, ४८० डॉलरला, दुसरं.

चाप कोरडा ओढून बघायचा असेल तर आधी विचारा. .२२ मध्ये तर टाळाच. त्याची पिन काडतुसाच्या कडेवर आदळते, काडतूस नसेल तर चेंबरच्या कडेवर आदळून खळगा पाडू शकते.

नळी मागून बघता येत नाही, रिसीव्हर आड येतो. उघड्या यंत्रणेत कागदाचा पांढरा तुकडा तिरका धरा, त्यावर टॉर्च मारा आणि तोंडाकडून बघा. गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या चरी धारदार दिसल्या पाहिजेत. थोडा काळपटपणा साफ होतो, खड्डे होत नाहीत. मग कापसाची काडी नळीच्या तोंडावर गोल फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे कडेला ठेच बसलीय. गोळीचा निरोप घेणारी शेवटची जागा ती, तिथली खोट नेमात दिसते.

स्क्रूंची डोकी बघा. चेपलेल्या खाचा म्हणजे चुकीच्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोणीतरी आत शिरलं होतं. रॉसीच्या बोल्टवर वरच्या बाजूला एक छोटी सेफ्टी असते. जुन्या वळणाच्या लोकांना ती डोळ्यात खुपते. मला तिचं काही वाटत नाही.

शेवटी डमी. बाजूच्या झडपेतून एकेक आत ढकला. इथे माझी एक आठवण रक्ताची आहे. नव्याकोऱ्या पिस्तुलाच्या झडपेची कडा इतकी धारदार होती की सहावं काडतूस आत गेलं ते माझ्या अंगठ्याच्या रक्ताने माखून. घरी आल्यावर झडप काढून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा मोडली, दहा मिनिटांचं काम. पण कारखान्यातल्या कोणाला ती बोटाने चाचपून बघावीशी वाटली नाही, याचा राग अजून आहे. डमी भरून झाल्या की लिव्हर पूर्ण आणि ठामपणे चालवा. अर्धवट, भीत भीत चालवली तर चांगली यंत्रणाही अडकते. सगळ्या डमी चेंबरमध्ये गेल्या पाहिजेत आणि सगळ्या बाहेर फेकल्या गेल्या पाहिजेत.

डमी कोणत्या, हाही प्रश्न आहे. माझं .३५७ मॅग्नमचं. त्यात .३८ स्पेशलही चालतं, आणि मी ते स्वस्त पडतं म्हणूनच घेतलं होतं. टेबलावर .३५७ च्या डमी लोण्यासारख्या फिरल्या. रेंजवर मी .३८ ची वॅडकटर नेली, म्हणजे सपाट नाकाची, पुंगळीच्या तोंडाशी बुडवलेल्या गोळीची, आणि दुसऱ्याच काडतुसाला यंत्रणा अडकली. .३५७ ची एकूण लांबी १.५९० इंचांपर्यंत असू शकते, पूर्ण लांबीच्या .३८ ची १.५५०. वॅडकटर त्याहून बरीच बुटकी. पाळणा लांब काडतुसाच्या मापाचा, त्यात ती नीट बसतच नाही. तेव्हापासून जी गोळी झाडायची तिच्याच लांबीची डमी नेते.

रेंजवर

कॅलिबरचं माझं मत थोडक्यात: मजेसाठी .२२, एकच घ्यायचं तर .३५७. .४४ मॅग्नम दहा गोळ्यांनंतर मनगट सांगतं की पुरे. बारा इंची नळीतून .३५७ चार इंची रिव्हॉल्व्हरपेक्षा चांगलाच वेग घेतं, कारण नळी लांब आहे आणि रिव्हॉल्व्हरच्या चक्राशी असते तशी वायू निसटणारी फट इथे नाही.

नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार गोळ्या भरू नका. काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं. सपाट नाकाचीच घ्या. .२२ चा प्रायमर कडेला असतो, त्याला हा धोका नाही.

धरायचं कसं? चार पौंडांची वस्तू, वजन सगळं पुढे, आणि मागे टेकायला काही नाही. डावा हात पुढच्या लाकडाखाली, उजवा बुंध्यावर, कोपरं वाकवून चेहऱ्यापासून हातभर पुढे. गालाशी नेऊ नका. लिव्हर उघडताना बोल्ट मागे बाहेर येतो आणि डोळ्याच्या वाटेत दुसरं काही नसतं. कमरेवरून झाडणं बऱ्याच रेंजवर चालत नाही, चालत असलं तरी नेम कुठे जातो ते कळत नाही. लिव्हरच्या कड्यात बोट अडकवून पिस्तूल गरकन फिरवणं पडद्यावर राहू द्या.

खरी अडचण पहिल्या गोळीनंतर येते. लिव्हर खाली ढकलली की नळी वर उडते आणि बाजूला वळते. शेजारच्या लेनकडे. मी पहिल्या दिवशी रेंजवाल्याची हाक खाल्ली ती यासाठीच. उपाय असा: डावं कोपर बरगडीला टेकवायचं, डावा हात खिळ्यासारखा स्थिर ठेवायचा आणि हालचाल फक्त उजव्या मनगटाने करायची. चापावरचं बोट त्या वेळी बाहेर. घरी रिकाम्या पिस्तुलावर डमी घेऊन शंभरदा केलं, तेव्हा हाताला सवय लागली.

साईटबद्दल, म्हणजे नेम धरायच्या खुणांबद्दल, एक सुखद धक्का. चाळिशी ओलांडलेल्यांना रायफलची मागची साईट डोळ्याजवळ असल्याने धूसर दिसते. इथे ती हातभर लांब आहे, त्यामुळे खाच स्वच्छ दिसते.

तपासणीसाठी सुरुवात दहा यार्डांवरून. वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या, मग दुसऱ्या जातीच्या पाच, मग तिसऱ्या. प्रत्येकीला वेगळा कागद, आणि कागदावर जात लिहून ठेवायची. मग हेच २५ यार्डांवर. माझं पिस्तूल १५८ ग्रेन वजनाच्या सपाट नाकाच्या .३८ ने २५ यार्डांवर पिशवीवरून साडेतीन इंचांत पाच गोळ्या घालतं. हातात धरून मारलं की जेवणाच्या ताटाएवढा पसारा. चांगलं चार इंची रिव्हॉल्व्हर याच्यापेक्षा सरस नेम देईल, आणि रायफल तर देईलच. अचूकतेसाठी हे कोणी घेऊ नये. लिव्हर चालवण्यात, पुंगळी उडण्यात, तिच्या त्या आवाजात जी मजा आहे तिच्यासाठी घ्यावं.

पुंगळीवरून आठवलं. १८९२ ची यंत्रणा वरून फेकते. गरम पुंगळी टोपीवर, कधी गळ्यातून आत. बंद गळ्याचा शर्ट घाला. हेन्रीची उजव्या बाजूला फेकते.

चाप ओढला आणि आवाज झाला नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. रिकामं करताना हेन्रीच्या .२२ ची आतली नळी पुढून बाहेर काढून काडतुसं ओतता येतात. १८९२ मध्ये तशी सोय नाही, प्रत्येक काडतूस लिव्हर चालवून चेंबरमधूनच बाहेर काढावं लागतं. तेव्हा बोट कुठे आहे याचं भान त्या शेवटच्या मिनिटात सगळ्यात जास्त हवं. इनडोअर रेंजवर जाण्याआधी नुसत्या शिशाच्या गोळ्या चालतात का विचारा. घरी निघण्याआधी हात साबणाने, गार पाण्याने धुवा.

कपाटासाठी

आजच्या मेअर्स लेगकडे गुंतवणूक म्हणून बघू नये असं माझं मत आहे. खोकं, पुस्तिका, पावती ठेवा, काही बदल करू नका. एवढं केलं तर विकताना फार तोटा होत नाही, बस. मी झडप घासली तेव्हाच माझ्या पिस्तुलाचे काही डॉलर कमी झाले असतील. अंगठा वाचला.

संग्रहाची खरी वस्तू त्या टीव्ही मालिकेच्या शंभर वर्षं आधीची आहे आणि ती कापलेली रायफल नाही, जन्मजात पिस्तूल आहे. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी कनेक्टिकटमधल्या नॉर्विच इथे लिव्हरचं पिस्तूल बनवलं. १८५५ मध्ये त्यातून व्होल्कॅनिक कंपनी उभी राहिली. शर्ट बनवणारे ऑलिव्हर विंचेस्टर त्यात पैसे घालून बसले. कंपनी न्यू हेवनला गेली, बुडाली, १८५७ मध्ये न्यू हेवन आर्म्स झाली. तिथेच १८६० ची हेन्री रायफल आली आणि १८६६ मध्ये विंचेस्टर कंपनी. म्हणजे हेन्री आणि विंचेस्टर रायफलींच्या आधी या घराण्यात पिस्तूल आलं.

त्याची गोळीही विचित्र. पुंगळी नाहीच. पोकळ गोळीच्या पोटातच दारू. पोटात मावणार किती? त्यामुळे जोर कमी, आणि वायू अडवायला पितळी पुंगळी नसल्याने तो यंत्रणेत निसटायचा. व्होल्कॅनिक बघताना आधी चौकट पाहतात: स्मिथ-वेसनच्या काळातली लोखंडी, न्यू हेवनची पितळी. मग नळीवरचा पत्ता, भागांवरचे नंबर, आणि पितळ कोणी चकचकीत घासलंय का. घासलेलं असेल तर किंमत कोसळते. मूळ वस्तू हजारो डॉलरना जाते, म्हणून या क्षेत्रातल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि झाडायचा विचारही नको. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बंदुकांच्या संग्रहालयात काचेपलीकडचं एक मी बराच वेळ बघत उभी होते. खालचं कडं एका बोटाचं, जेमतेम. आजच्या मोठ्या कड्यात माझी पूर्ण मूठ जाते.

त्याच संग्रहालयाकडून बऱ्याच जुन्या विंचेस्टरचं कारखान्यातल्या नोंदींवरचं पत्र मिळतं, सीरियल नंबर दिला की. १६ इंचांखालच्या नळीची मूळ ट्रॅपर कार्बाइन (कारखान्यातच आखूड केलेली रायफल) कोणी विकत असेल तर ते पत्र आणि त्या बंदुकीला एटीएफने सूट दिल्याचा कागद, दोन्ही हातात आल्याशिवाय चेक लिहू नका.

घरी ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, कितीही शोभत असलं तरी. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला चावतात. माझ्या पिस्तुलाच्या नळीवर डाव्या बाजूला होल्स्टरच्या शिवणीची बारीक तांबूस रेघ आहे, पहिल्या पावसाळी उन्हाळ्यातली. तेलाच्या बोटाने ती पुसट झाली, गेली नाही. आता पिस्तूल तिजोरीत सिलिकॉनच्या फडक्यात असतं आणि होल्स्टर खुंटीवर रिकामं.